एआयशी बोलून खेळातील पात्र आणि छोटा रोबो कसा चालवावा

बोलीभाषेतील आज्ञेने यंत्र हलवण्याची कल्पना जुनी आहे. टेरी विनोग्राड यांनी १९६८ ते १९७० या काळात एमआयटीमध्ये लिहिलेला श्रड्लू हा प्रोग्राम इंग्रजी वाक्ये समजून घेऊन पडद्यावरचे ठोकळे उचलत आणि रचत असे. मात्र त्याचे सारे जग त्या ठोकळ्यांपुरतेच होते आणि त्यामागचा प्रत्येक नियम हाताने लिहावा लागला होता. वाक्याचा अर्थ लावण्याचे काम आता भाषा मॉडेल (चॅटजीपीटीमागे असते तशी एआय प्रणाली) करते, त्यामुळे हौशी प्रयोगकर्त्याचे खरे काम वेगळ्या ठिकाणी सुरू होते: काय करावे हे मॉडेलने सुचवावे, पण ते होऊ द्यायचे की नाही हे आपल्या प्रोग्रामने ठरवावे, अशी रचना उभी करणे.

पहिला प्रयोग रोबोवर न करता खेळातील पात्रावर करावा, कारण तेथे चूक झाली तर काहीही मोडत नाही. पायथन ही प्रोग्रामिंग भाषा येत असेल तर पायगेम या तिच्या खेळ बनवण्याच्या लायब्ररीत १० बाय १० चौकटींचे मैदान, एक पात्र, दोन-तीन भिंती आणि उचलता येईल अशी एखादी वस्तू एवढे पुरते. जावास्क्रिप्टची सवय असल्यास माइनफ्लेअर या लायब्ररीच्या मदतीने माइनक्राफ्ट या संगणकीय खेळातील पात्र चालवता येते. २०२३ मधील व्हॉयेजर या संशोधन प्रकल्पात जीपीटी-४ हे भाषा मॉडेल याच लायब्ररीसाठी स्वतः कोड लिहीत होते आणि जमलेली कौशल्ये साठवून पुन्हा वापरत होते. तो प्रकार आकर्षक असला तरी सुरुवातीला टाळावा. मॉडेलने लिहिलेला कोड न वाचता चालवणे म्हणजे आपला संगणक त्याच्या स्वाधीन करणे होय.

त्याऐवजी कृतींची एक बंद यादी करावी: पुढे जा, वळ, उचल, ठेव, थांब. प्रत्येक कृतीला कोणते आकडे लागतात आणि त्यांची मर्यादा किती, हे यादीतच लिहावे. मॉडेलच्या गद्य उत्तरातून आज्ञा शोधून काढण्याचा खटाटोप करू नये. बहुतेक एआय सेवांमध्ये, तसेच ओलामासारख्या साधनाने स्वतःच्या संगणकावर चालवलेल्या अनेक मॉडेलांमध्ये, ठरलेल्या साच्यात कृतीचे नाव आणि आकडे मागवण्याची सोय असते, तीच वापरावी. मराठीत आज्ञा देणाऱ्यांसाठी एक बारीक सूचना: मॉडेलने उत्तरात देवनागरी अंक लिहिले, तर जेसॉन हा माहिती लिहिण्याचा ठरलेला साचा ते संख्या म्हणून स्वीकारत नाही, म्हणून अंक 1, 2, 3 असे इंग्रजी पद्धतीचेच हवेत असे आधीच बजावून ठेवावे.

आलेली प्रत्येक कृती यादीशी ताडून पाहावी. ती बसत नसेल तर नाकारावी आणि कारण मॉडेलला शब्दांत कळवावे: «समोर भिंत आहे, पात्र हलले नाही.» हा परतीचा निरोप सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नवशिक्यांकडून नेमका तोच राहून जातो. मॉडेलला पडदा दिसत नसतो. निरोप मिळाला नाही तर आपली मागची चाल यशस्वी झाली असे धरून ते पुढची आखते आणि दोन-तीन चालींत त्याच्या कल्पनेतले मैदान खऱ्या मैदानापासून पूर्ण वेगळे होते. म्हणून प्रत्येक फेरीत पात्राची जागा, तोंडाची दिशा, आसपासच्या वस्तू आणि मागील कृतीचा निकाल नव्याने पाठवावा. «डावीकडे» म्हणजे पात्राच्या डावीकडे की पडद्याच्या, हेही मॉडेलला दिलेल्या सूचनेत स्पष्ट करावे. एका आज्ञेसाठी जास्तीत जास्त किती चाली चालतील याची मर्यादा घालावी, अन्यथा गोंधळलेले मॉडेल एकाच भिंतीवर आदळत राहते आणि सशुल्क सेवा असेल तर बिलही वाढते.

खेळात हे नीट चालू लागले की रोबोकडे वळावे. मॉडेलच्या उत्तराला अनेकदा काही सेकंद लागतात, तर चाके थांबवण्याचा निर्णय काही मिलिसेकंदांत व्हावा लागतो. म्हणून मोटारींचा ताबा थेट मॉडेलकडे कधीही देऊ नये. अर्दुइनो किंवा ईएसपी-३२ अशा रोबोवरच्या छोट्या नियंत्रक बोर्डावर एक छोटा स्वतंत्र प्रोग्राम ठेवावा. संगणकाकडून त्याला «जोडणी चालू आहे» असा खुणेचा संदेश नियमित जात राहावा आणि अर्धा सेकंद तो आला नाही, तर मोटारी आपोआप बंद व्हाव्यात. एचसी-एसआर०४ हा अंतरमापक सुमारे २ ते ४०० सेंटिमीटरपर्यंत मोजतो. समोरचे अंतर २० सेंटिमीटरपेक्षा कमी झाल्यास बोर्डाने कोणालाही न विचारता थांबावे. हाच मापक रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडायचा असेल तर सावध राहावे, कारण त्याची इको पिन (मोजमाप परत देणारी) ५ व्होल्ट देते आणि पायच्या पिनांना ३.३ व्होल्टच चालतात. मध्ये व्होल्टेज कमी करणारा दोन रोधकांचा (रेझिस्टरचा) विभाजक लावावा लागतो. मोटारींना वेगळी बॅटरी द्यावी, पण ग्राउंड (ऋण बाजूची तार) सर्वांचा एकत्र जोडावा. मोटारींच्या वीजतारेवर हाताने दाबता येणारा एक स्विच हवाच. पहिली चाचणी चाके जमिनीपासून उचलून घ्यावी.

आवाजाने आज्ञा द्यायची असल्यास व्हिस्परसारखे मॉडेल बोलण्याचे लिखित रूप करून देते, पण «थांब» हा शब्द भाषा मॉडेलकडे पाठवू नये. तो लिखित रूपातच ओळखून आपल्या प्रोग्रामने लगेच अंमलात आणावा. त्यालाही क्षणभर लागतोच, म्हणून तो हाताच्या स्विचला पर्याय नाही.

शेवटी नोंदवही. दिलेले वाक्य, मॉडेलने मागितलेली कृती, प्रोग्रामचा होकार किंवा नकार आणि प्रत्यक्षात काय घडले, हे चारही वेळेसह फाइलमध्ये लिहिले जावे. त्यातील काही अवघड वाक्ये बाजूला काढून त्यांचा चाचणीसंच करावा, आणि सूचना किंवा मॉडेल बदलले की तो संच आधी खेळातील पात्रावर पुन्हा चालवून मगच रोबोची बॅटरी जोडावी.