खेळाडूंच्या कल्पक तोडग्यांचे चीज कसे करावे: गेम मास्टरसाठी मार्गदर्शन

फँटसी रोलप्लेइंग खेळात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, आणि गेम मास्टर त्यांच्यासमोर जग व शत्रू उभे करून कृतींचे निकाल देतो. अशा खेळातली एक ओळखीची मांडणी घेऊ. डोंगरातल्या गुहेत सहा गॉब्लिन (बुटके राक्षस) आणि त्यांचा म्होरक्या असलेला एक ओगर (धिप्पाड राक्षस) राहतात. आत लुटीचा माल आहे आणि एक व्यापारी कैदेत आहे. खेळाडू पुढच्या तोंडाने शिरतील आणि एकेक दालन लढत पार करतील, असे साहस लिहिणाऱ्याने गृहीत धरलेले असते. खेळाडू मात्र गुहेच्या माथ्यावर चढतात, चुलीचा धूर जिथून बाहेर पडतो ती भेग शोधतात, ओल्या घोंगड्यांनी ती बुजवतात आणि खाली तोंडापाशी दबा धरून बसतात. गेम मास्टर आता काय करतो यावरून ते पुढच्या सगळ्या सत्रांसाठी धडा घेतात: इथे डोके चालवून उपयोग होतो, की शेवटी तलवारच उपसावी लागते.

कल्पक तोडग्याचे पहिले बक्षीस म्हणजे तो तोडगा लागू पडणे, असे माझे मत आहे. अनुभव-गुण (जे साठले की पात्र अधिक सामर्थ्यवान होते), नाणी आणि शाबासकी त्यानंतर येतात. अडथळा जागचा न हलवता नुसते बोनस गुण दिले, तर खेळाडूंना फसवणूक लगेच जाणवते.

तयारी करताना उत्तर लिहू नका

प्रत्येक ठिकाणासाठी तिथे कोण आहे, त्यांना काय हवे आहे आणि ते कशाला भितात, एवढे लिहून ठेवावे. त्याच्या जोडीला त्या जागेची साधी भौतिक माहिती असावी: हवा कुठून येते, पाणी कुठे वाहते, दार लाकडी आहे की लोखंडी, मागची वाट आहे की नाही. गॉब्लिनांची संख्या आणि त्यांचे हिट पॉइंट्स (ते किती मार सोसू शकतात तो आकडा) एवढेच टिपलेले असतील, तर धुराचा प्रश्न आल्यावर सगळे जागच्या जागी ठरवावे लागते आणि मग नकळत आपल्या सोयीचे ठरवले जाते. मागची वाट नकाशात आधीपासून असेल तर ओगर तिथून निसटला तरी कोणाची तक्रार नसते. धूर भरल्यावर ती अचानक उगवली, तर ती बेइमानी ठरते.

आधी हेतू विचारा

खेळाडूने कल्पना मांडली की निर्णय देण्याआधी ‘यातून नेमके काय साधायचे आहे?’ असे विचारावे. त्यांना गॉब्लिनांना गुदमरवून मारायचे आहे, बाहेर हुसकावायचे आहे, की गोंधळ उडवून एकाला आत पाठवायचे आहे? खेळाच्या टेबलावरचे बरेचसे वाद दोघांच्या मनात वेगवेगळी चित्रे असल्यामुळे होतात. शिवाय पात्राला जे सहज कळले असते ते खेळाडूला आधीच सांगावे. अनुभवी भाडोत्री सैनिकाच्या हे लक्षात येईलच की धूर कैद्यालाही सोडणार नाही; ही गोष्ट लपवून नंतर व्यापाऱ्याचे प्रेत दाखवणे अन्यायाचे आहे. धोका कळल्यावरही त्यांनी तोच बेत कायम ठेवला, तर पुढचे त्यांच्या जबाबदारीवर.

फासा कधी टाकायला लावावा

एखादी कृती जमली की नाही हे फासा टाकून ठरवतात; पण जे घडणारच आहे त्यासाठी फासा नको, आणि जे अशक्य आहे त्यासाठीही नको. अशक्य का आहे ते तिथल्या तिथे सांगावे. फासा फक्त खऱ्या अनिश्चिततेसाठी असतो. चांगले बेत सर्वाधिक मारले जातात ते साखळी-फाशांनी: कड्यावर चढण्यासाठी एक, आवाज न करण्यासाठी एक, भेग शोधण्यासाठी एक, ती बुजवण्यासाठी एक आणि दबा धरण्यासाठी आणखी एक. प्रत्येक वेळी यशाची शक्यता ७० टक्के धरली, तरी पाचही ओळीने जमण्याची शक्यता जेमतेम १७ टक्के उरते. त्यापेक्षा थेट लढाई परवडते, आणि खेळाडू हा हिशेब न मांडताही ओळखतात. म्हणून सर्वांत मोठी शंका जिथे आहे, तिथे एकदाच फासा टाकायला लावावा.

काठिण्य ठरवताना कल्पना किती चमकदार आहे यापेक्षा ती त्या परिस्थितीला किती बसते हे पाहावे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या प्रसिद्ध रोलप्लेइंग खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सोप्या कामाला १०, मध्यमला १५ आणि कठीणला २० असा आकडा असतो; वीस बाजूंच्या फाशावर पात्राच्या कौशल्याची भर घालून तेवढे किंवा जास्त यावे लागते. योग्य बेताने काम एका पायरीने सोपे करणे रास्त आहे. त्याच नियमांत ‘ॲडव्हांटेज’ची सोय आहे, म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा. ११ किंवा अधिक हवे असतील तर त्यामुळे शक्यता ५० वरून ७५ टक्क्यांवर जाते. उलट, आपण चकित झालो म्हणून आकडा वाढवणे टाळावे.

यश पूर्ण द्या

धूर आत भरला, तर गॉब्लिन खोकत, आंधळ्यासारखे बाहेर पडले पाहिजेत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८१ च्या ‘बेसिक’ नियमांत राक्षसांच्या मनोधैर्यासाठी सहा बाजूंचे दोन फासे टाकतात. बेरीज त्यांच्या ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त आली, तर ते पळतात किंवा शरण येतात. आपल्या नियमांत अशी तरतूद नसली तरी ती उसनी घ्यावी. लढाई पाच मिनिटांत आटोपेल म्हणून ओगरचे हिट पॉइंट्स गुपचूप दुप्पट करण्याचा मोह होतो, तो आवरावा.

परिणाम मात्र जरूर द्यावेत. व्यापारी बेशुद्ध पडलेला सापडेल, लुटीतले रेशमी कापड काजळीने खराब होईल, धुराचा लोट दरीतून कोणीतरी पाहिला असेल. हे सारे त्यांच्या कृतीतून उपजलेले असावे आणि त्यांचे यश हिरावून घेणारे नसावे.

गुणांचा हिशेब

१९७४ साली आलेल्या मूळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये बाहेर आणलेल्या खजिन्याचेही अनुभव-गुण मिळत, त्यामुळे राक्षसाला चकवून माल पळवणे हाच शहाणपणाचा मार्ग असे. पुढे ही पद्धत मागे पडली आणि फक्त मारल्याचे गुण मिळतात असा समज रुजला. तसे मानू नये. २०१४ च्या नियमांप्रमाणे सहा गॉब्लिनांचे प्रत्येकी ५० आणि ओगरचे ४५० मिळून ७५० गुण होतात. पाच खेळाडू असतील तर ते प्रत्येकी १५०. गॉब्लिन मेले, पळाले किंवा शरण आले, तरी हे गुण पुरते द्यावेत.

‘भारी कल्पना’ म्हणून एकाच खेळाडूला वेगळे गुण देणे मला फारसे पटत नाही, कारण मग जास्त बोलणारा खेळाडू सगळे लाटतो आणि गप्प बसणारा आणखी गप्प होतो. संपूर्ण गटाला द्यावे, किंवा कथेतच द्यावे: सुटलेला व्यापारी पुढच्या शहरात त्यांच्या शब्दाला वजन मिळवून देतो, शरण आलेला गॉब्लिन खालच्या भुयाराची वाट दाखवतो.

तीच युक्ती पुन्हा आली तर

यशस्वी युक्ती खेळाडू पुन्हा वापरतात, आणि त्यात गैर काही नाही. पहिल्या गुहेतून कोणी निसटला असेल तर त्याने पुढच्या टोळीला सावध केलेले असेल आणि तिथल्या भेगेवर पहारा बसलेला असेल. कोणीच निसटले नसेल, तर पहारा बसवण्याचे कारण नाही. युक्ती पुन्हा चालू द्यावी. एखाद्या ठिकाणी ती चालणार नसेल, उदाहरणार्थ दगडाला जागोजागी भेगा असतील, तर पात्राने माथ्यावर पाय ठेवताच ते सांगावे, आणि त्या अनेक भेगांमधून आतले बोलणे ऐकू येते हेही सांगावे.