मेटॅलिक रंग चुगलखोर असतो: मॉडेलवर खऱ्या धातूसारखा फिनिश आणायचा तर

सिल्व्हर मारलं की झालं धातू, असं मलाही वाटायचं. पहिलं मस्टँग, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लढाऊ विमानाचं प्लास्टिक मॉडेल, तसंच रंगवलं आणि ते धातूचं न दिसता राखाडी प्लास्टिकवर चमकी भुरभुरल्यासारखं दिसायला लागलं. मग दोनतीन मॉडेलं वाया घालवल्यावर कळलं की चूक रंगात नव्हतीच, रंगाच्या खाली होती. ऑलिव्ह ग्रीन किंवा ग्रे रंग बिचारा तुमची पापं पोटात घालतो, मेटॅलिक मात्र सगळ्यांना सांगत सुटतो.

कारण साधं आहे. या रंगात अ‍ॅल्युमिनियमचे एकदम बारीक चपटे कण असतात, ते गुळगुळीत पृष्ठभागावर आडवे पसरले की प्रकाश एका दिशेने परत येतो आणि डोळ्याला धातू दिसतो. खाली ओरखडे, धूळ, पुट्टीचा खडबडीतपणा असला की कण वाकडेतिकडे बसतात, प्रकाश विखुरतो आणि उरतो तो नुसता राखाडी रंग.

म्हणून निम्म्याहून जास्त वेळ सँडिंगला द्या, खरंच. जोडाच्या रेषा भरायला मी आता पुट्टी वापरत नाही, सुपरग्लू वापरतो, कारण पुट्टी रंग शोषते आणि सगळं झाल्यावर तिथे फिकट पट्टा दिसतो. फक्त सुपरग्लू त्याच दिवशी घासायचा, रात्रभर राहिला तर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि मग घासताना आजूबाजूचं प्लास्टिकच खाली जातं. 800 नंबरच्या सँडपेपरने सुरू करून 1000, 2000 आणि शेवटी 4000, सगळं ओलं करून घासायचं. नुसतं बघून कळत नाही, लाइटखाली तिरपं धरून बघा. पुसल्या गेलेल्या पॅनल लाइन्स (पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेषा) याच वेळी परत कोरून घ्या. मग भांड्याच्या साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं आणि इथून पुढे ग्लोव्हज घालूनच हात लावायचा.

आता बेस, म्हणजे मेटॅलिकच्या खालचा थर. क्रोम किंवा पॉलिश्ड अ‍ॅल्युमिनियम हवं असेल तर खाली ग्लॉस ब्लॅकच लागतो, कारण मेटॅलिकचा थर इतका पातळ असतो की खालचा काळा रंगच त्याला आरशासारखी खोली देतो. साधं डल अ‍ॅल्युमिनियम किंवा स्टील चालणार असेल तर बारीक घासलेला ग्रे प्रायमरही पुरतो, उगाच काळ्याचा व्याप करू नका. मी तामिया कंपनीचा एलपी-1 हा ग्लॉस ब्लॅक रंग लॅकर थिनरने पातळ करून एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाने) मारतो, शेवटचा थर थोडा ओलसर, म्हणजे तो स्वतःच सपाट बसतो. काळा थर वाळला की त्यात ट्यूबलाइटची कडा स्वच्छ दिसली पाहिजे. कडा फाटलेली, संत्र्याच्या सालीसारखी दिसली तर पुढे जाऊ नका, 4000 ने हलकं घासून परत मारा.

आणि वाळू द्या हो! हाताला कोरडं लागलं म्हणजे आतून वाळलं असं नसतं. मी नाकाने ठरवतो, मॉडेल जवळ घेऊन वास येतोय तोवर हात लावायचा नाही. एकदा घाई केली, कॉकपिटच्या मागे अंगठा टेकला, काळ्यावर काही दिसत नव्हतं म्हणून तसंच पुढे गेलो आणि अ‍ॅल्युमिनियम चढल्यावर तिथे अख्खा अंगठ्याचा ठसा उमटला, रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. ते विमान अजून शेल्फवर आहे, भिंतीकडे तोंड करून.

मेटॅलिक मारताना एअरब्रशचं हवेचं प्रेशर कमी, 12 ते 15 पीएसआय, अंतर 5 ते 7 सेंटिमीटर. अ‍ॅलक्लॅड किंवा व्हॅलेहो मेटल कलर हे तयार मेटॅलिक रंग बाटलीतूनच पातळ येतात, थिनर लागत नाही, पण बाटली जोरात हलवा आणि कपात थोडाच रंग घ्या कारण कण तळाला बसतात. ओला थर अजिबात नको, धुक्यासारखे तीनचार फेर मारायचे आणि काळा जेमतेम झाकला गेला की थांबायचं. इथेच सगळे चुकतात, अजून एक हात मारला तर अजून चमकेल असं वाटतं आणि उलटच होतं, रंग दाणेदार होतो. आधी प्लास्टिकच्या चमच्याच्या पाठीवर मारून बघा, गोलाई असल्यामुळे विमानाच्या नाकासारखाच अंदाज येतो. आणि लॅकर असेल तर खिडकी उघडी, ऑरगॅनिक व्हेपरचे फिल्टर असलेला मास्क तोंडावर, कापडी मास्क काही कामाचा नाही.

एअरब्रश नसेल तर तामियाचा एएस-12 हा सिल्व्हर रंगाचा स्प्रे कॅन मस्त आहे, कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून मारा, कोमटच हं, उकळतं नाही. ब्रशने मोठा भाग करायच्या भानगडीत पडू नका, रेघा राहतातच.

पूर्ण विमान एकाच शेडमध्ये खेळणं वाटतं. वाळल्यावर काही पॅनल मास्क करून (भोवती टेप लावून) थोडा गडद किंवा थोडा डल अ‍ॅल्युमिनियम मारा, पण टेप आधी तळहातावर दोनतीनदा चिकटवून कमजोर करा, नाहीतर रंग सोबत घेऊनच निघते. आणि मस्टँग करणाऱ्यांसाठी खास, खऱ्या मस्टँगच्या, म्हणजे पी-51 च्या पंखांवर हवेचा प्रवाह गुळगुळीत राहावा म्हणून जोड पुट्टीने भरून वर सिल्व्हर रंग दिलेला असायचा, म्हणजे पंख बॉडीइतके चकचकीत नकोत आणि पंखांवरचे रिव्हेट काळ्या वॉशने (खाचांत सोडायच्या पातळ रंगाने) उठवायचे तर अजिबात नाहीत.

एक्झॉस्टला (इंजिनाच्या धुराच्या नळ्यांना) बर्न्ट आयर्नसारखी गडद शेड, त्यावर क्लिअर ब्लू आणि क्लिअर ऑरेंज अगदी पातळ करून पट्ट्यापट्ट्याने मारला की तापलेला धातू दिसतो, पण जरा हात आवरता ठेवून, नाहीतर दिवाळीचा कंदील होतो.

वरून क्लिअर कोट (पारदर्शक थर) शक्यतो टाळा, तो चमक घालवतो. डिकल्स (पाण्यात भिजवून लावायची चिन्हं) ग्लॉसी मेटॅलिकवर थेट बसतात, फक्त क्लिअर मारायचंच झालं तर पातळ ग्लॉस, मॅट नाही, आणि तेही आधी चमच्यावर.

शेवटी एअरब्रश नेहमीपेक्षा दुप्पट साफ करा, नीडल काढून, नॉझल काढून, टिश्यूवर चमचम दिसायची थांबेपर्यंत. हे अनुभवाने सांगतोय, पुढच्या विमानाच्या आकाशी पोटावर माझ्या चांदण्या उमटल्या होत्या.