प्रयोगशाळेतल्या रक्तवाहिनीची सोनोग्राफी: आधी गेनवरचा अंगठा काढा

नऊ वर्षं मी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करत होते. चित्र धूसर दिसलं की अंगठा आपोआप गेनवर, म्हणजे चित्र उजळवायच्या बटणावर, जायचा. आता परळच्या एका लॅबमध्ये पेशींपासून वाढवलेल्या रक्तवाहिन्या बघते. ती सवय मोडायला सहा महिने लागले.

कारण इथे उजळपणाच मोजायचा असतो. फायब्रिनच्या (रक्ताची गुठळी धरणाऱ्या प्रथिनाच्या) जेलमध्ये पेशी पेरल्यावर सुरुवातीला भिंत जाड आणि काळपट दिसते. पुढे पेशी जेल आवळत जातात, कोलॅजन (भिंतीला बळकटी देणारं प्रथिन) तयार करतात. भिंत पातळ होते, पण उजळते. एकदा मी नकळत गेन वाढवला आणि कोलॅजन आलं म्हणून सगळ्यांना कटिंग पाजला. तुकडा कापून, रंगवून पाहिला तर नुसतं जेल!

म्हणून पहिल्याच दिवशी गेन, टीजीसी (खोलीनुसार बदलणारा गेन), डेप्थ, फोकस ठरवून प्रीसेट सेव्ह करा. दर वेळी आधी फँटम, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना ठोकळा, स्कॅन करा. आम्ही आगरमध्ये ग्रॅफाइटची पूड घालून तो बनवतो (आगर म्हणजे फालुद्यातलं चायना ग्रास). फँटमचा उजळपणा बदललेला दिसला, तर त्या दिवशीचे आकडे धरू नका.

एकोचा प्रोब इथे कामाचा नाही. ३ मेगाहर्ट्झला तरंगलांबी अर्धा मिलिमीटर, त्याहून बारीक काही दिसत नाही, आणि आपली भिंतच जेमतेम मिलिमीटरभर. ४० मेगाहर्ट्झला ती ०.०४ मिलिमीटरवर येते, पण खोली सेंटिमीटरभरच मिळते. म्हणून बायोरिॲक्टरची (नळी वाढते त्या बंद डब्याची) पातळ फिल्मची खिडकी नळीच्या अगदी जवळ हवी. जाड काचेतून काही दिसत नाही. प्रोब आणि सोनोग्राफीचं जेल बाहेरच. जंतू शिरू नयेत म्हणून झाकण उघडायचं नाही, त्यासाठीच तर हा खटाटोप.

खरा शत्रू बुडबुडा. फ्रिजमधलं मीडियम (पेशींचं पोषक द्रव) थेट भरलं की ३७ अंशांना तापताना त्यातली हवा सुटते, भिंतीला चिकटते आणि मागे काळी सावली पडते. मीडियम आधी कोमट करून ठेवा. एसीखाली रेंगाळूही नका, मीडियम गार झालं की मोजलेलं अंतर बदलतं: पाण्यात आवाजाचा वेग २५ अंशांना सेकंदाला सुमारे १४९७ मीटर, ३७ ला १५२४. मशीन मात्र १५४० धरूनच अंतर मोजतं.

नळीच्या धारकावर मार्करने तीन खुणा करून तिथेच मोजा. लवचिकतेसाठी एम-मोडवर (एका रेषेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणारा मोड) पंपाच्या पाच ठोक्यांचा कमाल आणि किमान व्यास घ्या, शेजारी पंपाचा दाब लिहा; दाबाशिवाय तो आकडा फुकट.

शेवटी खिडकीवरचं जेल लगेच पुसा. पावसाळ्यात मी एकदा रात्रभर तसंच ठेवलं होतं, सकाळी बुरशी.