लग्नानंतर लगेच क्रूझ: सिंगापूरच्या जहाजावरचा हनिमून कसा आखायचा

सत्यनारायण, जागरण-गोंधळ, कुलदैवताचं दर्शन आणि मांडवपरतणी धरली, तर लग्नानंतरचे पाच-सहा दिवस घरच्यांचेच असतात. क्रूझचं बुकिंग करण्याआधी हे दिवस कॅलेंडरवर खोडून टाका. हॉटेलात रात्री बारा वाजता पोचलात तरी खोली मिळते. जहाजाचं चेक-इन मात्र सुटण्याच्या तास-दीड तास आधी बंद होतं, आणि उशिरा आलेल्यांना सहसा काहीच परत मिळत नाही. लग्न आणि जहाज यांच्यात किमान आठ, जमलं तर दहा-बारा दिवस ठेवा. सिंगापूरला जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच पोचा. मुंबईहून थेट विमान साधारण साडेपाच तासांचं. रात्री निघायचं, सकाळी उतरायचं आणि दुपारी जहाज गाठायचं हा हिशेब कागदावर छान बसतो, पण विमान चार तास लेट झालं की सगळाच कोलमडतो.

मुंबईच्या बॅलार्ड पिअरहूनही गोवा आणि लक्षद्वीपच्या क्रूझ सुटतात. त्यांना पासपोर्ट लागत नाही, आधार कार्डावर काम भागतं. समुद्र आपल्याला झेपतो का एवढंच पाहायचं असेल तर दोन रात्रींचं गोवा पुरे. पण पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो आणि या फेऱ्या थांबतात, त्यामुळे मे अखेरचा मुहूर्त असलेल्यांना त्यांचा उपयोग नाही. सिंगापूरहून वर्षभर जहाजं सुटतात. मलेशियातल्या पिनांगकडे किंवा थायलंडमधल्या फुकेतकडे जाणारी वाट मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाते. एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलाय द्वीपकल्प, त्यामुळे सामुद्रधुनीत मोठ्या लाटांना सहसा जागा मिळत नाही. पहिल्या वेळी तीन किंवा चार रात्री घ्या. सात रात्री मोहात पाडतात, पण लग्नाच्या धावपळीने थकलेल्या आणि एकमेकांना नुकतंच ओळखू लागलेल्या दोघांना दीड-दोनशे चौरस फुटांच्या खोलीत आठवडा जरा जास्तच होतो.

नावाचा घोळ

मराठी नवरीचा सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे मधलं नाव. समजा, पासपोर्टवर ‘सायली रमेश पाटील’ आहे. लग्नानंतर उत्साहाने कुणीतरी क्रूझचं बुकिंग ‘सायली अमोल देशमुख’ नावाने करतं. विमानाचं तिकीट आणि क्रूझ या दोन्हींवर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळायलाच हवं, नाहीतर काउंटरवरच अडवतात. आपल्याकडे वडिलांचं नाव बहुतेक पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यातच असतं, तेव्हा ते बुकिंगमध्येही तिथेच लिहा. आडनाव बदलायचंच असेल तर परत आल्यावर बदला. मध्येच पासपोर्ट बदलायला टाकलात तर जुना रद्द होतो आणि त्यावर घेतलेला व्हिसाही अडकतो. विवाह नोंदणीचा दाखला मात्र मिळाला असेल तर फोटोकॉपी जवळ ठेवा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी उरलेली असावी.

सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटमार्फत मिळतो आणि अर्ज पोचण्याच्या तारखेआधी ३० दिवसांच्या आतच घेतात. म्हणजे तो नेमका लग्नाच्या गडबडीत येतो. फोटो, बँक स्टेटमेंट आणि बुकिंगचे कागद साखरपुड्यानंतरच एका फोल्डरमध्ये तयार ठेवा. हातात आलेला व्हिसा ‘मल्टिपल’ आहे का ते वाचा. जहाज पिनांगला गेलं की तुम्ही कागदोपत्री सिंगापूर सोडलेलं असतं आणि परत येताना पुन्हा प्रवेश लागतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर जहाजावर चढायलाच देणार नाहीत. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचण्याच्या आधी तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. विमानाने जाताना एकदा आणि जहाजाने परतताना पुन्हा. सरकारी साइटवर ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती बंद करा. मलेशिया आणि थायलंडचे नियम वरचेवर बदलतात, ते बुकिंगच्या दिवशी आणि निघण्याआधी आठवडाभर असे दोनदा तपासा.

केबिन निवडताना

जहाज पुढे-मागे सी-सॉसारखं झुलतं. टोकाला हालचाल जास्त, मध्यावर कमी. म्हणून केबिन मध्यभागी आणि जरा खालच्या डेकवर घ्या. डेक-प्लॅन (जहाजाच्या मजल्यांचा नकाशा) उघडून वरच्या आणि खालच्या मजल्यावर काय आहे ते बघा. दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. डोक्यावर स्विमिंग पूलचा डेक आला तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, आणि खाली थिएटर असेल तर रात्री अकरापर्यंत ढोल. प्लॅनवर दोन केबिनमध्ये छोटी खूण दिसली तर तिथे त्या दोन केबिन जोडणारं दार असतं. त्या दारातून शेजारच्यांची भांडणं ऐकू येतात, म्हणजे तुमचंही त्यांना ऐकू जातं. नवीन जोडप्याने ही केबिन टाळावी.

आतली केबिन स्वस्त, पण दिवस-रात्र कळत नाही. खिडकीची केबिन घेताना समोर लाइफबोट लटकत नाही ना ते पाहा. हनिमूनला पैसे कुठे तरी जास्त घालायचेच असतील तर बाल्कनीत घाला. पहाटे चहाचा कप घेऊन गाऊनमध्येच बाहेर बसता येतं, ते सुख बुफेच्या गर्दीत नाही. स्वस्तात मिळणारी ‘गॅरंटी’ केबिन घेऊ नका. तीत केबिन कंपनी ठरवते, तुम्ही नाही.

बुकिंगमध्ये ‘डबल बेड’ असं लिहून घ्या. बऱ्याच केबिनमध्ये दोन सिंगल पलंग असतात, आणि ते जोडून मागितले नाहीत तर पहिल्या रात्री मध्ये टेबल आणि दोन्हीकडे दोघं अशी गंमत होते. जोडल्यावरही मधे फट राहते. केबिनची साफसफाई करणाऱ्या स्टुअर्डला सांगितलं तर तो वर एक जाड गादी किंवा टॉपर घालून देतो. लग्नाची तारीख आधी कळवली तर काही जहाजांवर छोटा केक येतो. त्यावर अवलंबून राहू नका.

पॅकेजचा आकडा ऐकताना एक प्रश्न विचारा: पोर्ट चार्जेस आणि ग्रॅच्युइटी धरून किती? ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप, माणशी, दररोज लागते आणि जाहिरातीत बहुधा नसते.

पाळी, मेंदी, मळमळ

लग्नासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर पुढचा हिशेबही लगेच करा. नॉरएथिस्टेरॉनची गोळी बंद केल्यावर सहसा दोन-तीन दिवसांत पाळी येते. पूजा उरकली म्हणून गोळी थांबवायची आणि नेमकं तिसऱ्या दिवशी जहाजावर चढायचं, हे फार जणींच्या बाबतीत होतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना लग्न आणि क्रूझ अशा दोन्ही तारखा एकदम सांगा. ही गोळी गर्भनिरोधक नाही, त्याचा विचार वेगळा करावा लागतो.

मेंदी कोपरापर्यंत काढा, पण बोटांची पेरं मोकळी सोडा. इमिग्रेशनला ठसे घ्यायचे झाले तर गडद मेंदीवर यंत्र अडखळतं. पाण्यात उतरण्याआधी जोडवी काढून लॉकरमध्ये ठेवा. क्लोरीनने चांदी काळवंडते आणि स्नॉर्कलिंगच्या पायपंखात (फिन्समध्ये) ती टोचतात. स्लाइडवर मंगळसूत्रही चालत नाही. केबिनमधल्या तिजोरीचा आकडा तुम्हीच ठरवायचा असतो. लग्नाची तारीख ठेवू नका, पाहुणेमंडळींना ती माहीतच असते.

मळमळीसाठी अ‍ॅव्होमीन आदल्या रात्री किंवा निघण्याच्या तासा-दोन तास आधी घेतात, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. झोप येते, त्यामुळे तिच्यावर दारू नको. इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या. त्रास होऊ लागला की केबिनमध्ये पडून राहणं सगळ्यात वाईट. डोळ्यांना खोली स्थिर दिसते आणि कानाला हलणं कळतं, त्या गोंधळातून मळमळ वाढते. वर डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत बसा आणि आल्याची वडी चघळा.

बॅग आणि चढण्याचा दिवस

इस्त्री, हीटिंग रॉड, किटली, मेणबत्ती, अगरबत्ती घरी ठेवा. समुद्रात आगीपेक्षा मोठी भीती नाही, त्यामुळे या वस्तू स्कॅनरमध्ये काढून घेतात. सासूबाईंनी बांधून दिलेले लाडू-चकलीचे डबेही बहुधा टर्मिनलवरच राहतात. बाहेरचं खाणं किती चालतं ते कंपनीच्या यादीत वाचा. सर्ज प्रोटेक्टर नसलेला युनिव्हर्सल अडॅप्टर आणि चार-पाच चुंबकी हुक घ्या. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, ओले कपडे टांगायला हे हुक लागतात. पूलमध्ये सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच घ्या.

मोठ्या बॅगा टर्मिनलवर देऊन टाकाव्या लागतात आणि त्या केबिनच्या दाराशी संध्याकाळी येतात. म्हणून पासपोर्ट, औषधं, दागिने, चार्जर आणि पोहण्याचे कपडे एका छोट्या बॅगेत हातात ठेवा. ऑनलाइन चेक-इन घरूनच करा आणि मिळालेल्या स्लॉटलाच मरीना बे क्रूझ सेंटरला पोचा. चांगी विमानतळावरून टॅक्सीने साधारण अर्धा तास.

जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यावर लगेच सुरक्षा-कवायत होते. २०१२ मध्ये कोस्टा कोंकोर्डिया इटलीच्या किनाऱ्याजवळ कलंडल्यावर नियम कडक झाले. ही कवायत टाळता येत नाही. सात किंवा जास्त छोटे भोंगे आणि मग एक लांब भोंगा, म्हणजे की-कार्डावर (केबिनची चावी असलेल्या कार्डावर) लिहिलेल्या जागी जमायचं.

जहाजावर

किनारा सोडताच दोन्ही फोन एअरप्लेन मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं सॅटेलाइट नेटवर्क फोन आपोआप पकडतो, आणि आईला पाठवलेल्या दहा फोटोंचं बिल महिनाअखेरीस हजारांत येऊ शकतं. गरज असेल तर वाय-फाय पॅकेज चढण्याआधीच घ्या. जहाजावर रोख चालत नाही, सगळं की-कार्डावर चढतं. खात्याला क्रेडिट कार्ड जोडा. फॉरेक्स कार्डावर अनामत रक्कम अडकवली तर ती सुटायला बरेच दिवस लागतात.

स्टुअर्ड काही जहाजांवर दिवसातून दोनदा येतो, काहींवर एकदाच. पहिल्याच भेटीत त्याला तुमची वेळ सांगा, आणि दारावर ‘डिस्टर्ब करू नका’ची पाटी लावायला विसरू नका. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळी कळवा. चतुर्थी मध्ये आली तर उकडलेला बटाटा, दही आणि फळं आदल्या रात्री हेड वेटरला सांगून ठेवा. ‘दोघांचं टेबल’ही त्यालाच मागायचं. नाही मागितलंत तर आठ जणांच्या टेबलावर बसवतील आणि तीनही रात्री लग्नाची कहाणी अनोळखी काका-काकूंना सांगावी लागेल.

पिनांगला जहाज थेट जॉर्ज टाउनच्या धक्क्याला लागतं, जुनं शहर पायी पाहता येतं. टूर घ्यायची गरज नाही. पोर्ट क्लांग बंदराहून क्वालालंपूर मात्र गाडीने तासभर तरी लांब आहे, ट्रॅफिक वेगळा. फुकेतला मोठी जहाजं सहसा पातोंगसमोर नांगर टाकतात आणि छोट्या बोटींनी नेतात. त्या रांगेचा तासभर धरा. तिथे घड्याळाचाही फसवा खेळ आहे. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे, पण जहाज बहुधा सिंगापूरच्याच वेळेवर चालतं. फोनने थाई वेळ उचलली तर फोनवर चार असताना जहाजावर पाच वाजलेले असतात. जहाजाच्या वेळेला लावलेलं साधं मनगटी घड्याळ बांधा, आणि शेवटच्या बोटीच्या तास-दीड तास आधी किनाऱ्यावर या.

शेवटच्या संध्याकाळी टीव्हीवर किंवा अ‍ॅपवर बिल तपासा. न घेतलेली पेयं तेव्हाच दाखवली तर लगेच वजा होतात. मोठ्या बॅगा रात्री दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्याआधी दुसऱ्या दिवसाचे कपडे आणि बूट बाजूला काढा, नाहीतर सकाळी उतरताना अंगावर फक्त नाइटसूट उरतो. जहाज सातला लागलं तरी बाहेर पडायला नऊ-दहा वाजतात, म्हणून परतीचं विमान दुपारी दोनच्या आत घेऊ नका.