कोणत्या चाळीत कांदा जास्त सडला? दोन टक्केवाऱ्यांची तुलना करताना या चुका टाळा

निफाड, येवला, चांदवडकडे उन्हाळ कांदा एकदा चाळीत पडला की पुढचे काही महिने चर्चा एकच: किती सडला, किती कोंबला, विकायला किती उरला. आकडेशास्त्राच्या प्रोजेक्टला हा विषय आयताच मिळतो. दोन चाळी, दोन टक्केवाऱ्या, एक झेड-टेस्ट (फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे तपासणारी चाचणी), काम झालं. सूत्र अर्ध्या ओळीचं आहे, त्यामुळे ते सहसा चुकत नाही. चुकतं ते सूत्रात आकडे घालायच्या आधी आणि उत्तर आल्यानंतर.

समजावण्यापुरते आकडे घेऊ. जुन्या चाळीतले २०० कांदे तपासले, ४६ खराब निघाले. खालून हवा खेळती ठेवलेल्या नव्या चाळीतले २०० तपासले, ३० खराब. म्हणजे २३ टक्के आणि १५ टक्के, शंभरामागे ८ कांद्यांचा फरक. झेड (फरक हा नमुन्यातल्या नेहमीच्या चढउताराच्या किती पट आहे) येतो २.०४ आणि पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) ०.०४१. नेहमीच्या ०.०५ च्या रेषेखाली, म्हणजे फरक 'लक्षणीय', पण जेमतेम.

दोन पट्टे एकमेकांवर आले, म्हणून फरक नाही?

ही चूक रिपोर्टमध्ये वारंवार दिसते. प्रत्येक चाळीचा वेगळा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरं प्रमाण ज्या पट्ट्यात असावं असा अंदाज) काढला जातो: जुनी चाळ १७.२ ते २८.८, नवी १०.१ ते १९.९. आलेखात दोन्ही पट्टे १७ ते २० च्या दरम्यान एकमेकांवर चढलेले दिसतात आणि खाली लिहिलं जातं, 'फरक लक्षणीय नाही.' पण टेस्ट तर लक्षणीय म्हणतेय! टेस्टचं बरोबर आहे. पट्टे पूर्ण सुटे असतील तर फरक नक्की लक्षणीय असतो. पट्टे चढले तर मात्र त्यावरून काहीच ठरत नाही. प्रश्न फरकाचा आहे, तर इंटरव्हलही फरकाचाच काढा. इथे तो साधारण ०.४ ते १५.६ येतो. शून्य बाहेर आहे, टेस्टशी जुळतं.

आणि तो इंटरव्हल नीट वाचा. नव्या चाळीने शंभरात १५ कांदे वाचवले असतील, किंवा अर्धासुद्धा नाही. चाळ बांधायला पैसे घालणाऱ्याला नुसत्या ०.०४१ पेक्षा हे कळणं जास्त गरजेचं आहे.

पूल (दोन्ही गट एकत्र) करायचं की नाही

टेस्टमध्ये आपण धरून चालतो की दोन्हीकडचं प्रमाण एकच आहे, म्हणून ४०० पैकी ७६, म्हणजे १९ टक्के, असं एकत्र प्रमाण घेऊन स्टँडर्ड एरर (नमुन्यामुळे आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो याचं माप) काढायचा. इंटरव्हल काढताना तसं गृहीत धरलेलं नसतं, तिथे दोन्ही प्रमाणं वेगळी ठेवायची. उलटसुलट केलं तर परीक्षेत मार्क जातात. प्रत्यक्षात? पूल करून ०.०३९२, न करता ०.०३९०. नमुने सारखे असताना या वादावर तास घालवण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. हा वेळ पुढच्या चुकीवर घालवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक: एकाच पाटीतले कांदे

२०० कांदे आणले कुठून? बहुतेक वेळा चाळीत दहा ठिकाणी हात घालून एकेक पाटी काढलेली असते आणि प्रत्येक पाटीतले २० मोजलेले असतात. सूत्राला वाटतं, हे २०० कांदे एकमेकांशी संबंध नसलेले आहेत. पण एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, तसंच कांद्याचं. जिथे पावसाची झड आत आली किंवा थर जास्त उंच लागला, तिथली अख्खी पाटी खराब निघते. दोन हात पलीकडची चांगली असते. एका पाटीतले २० कांदे म्हणजे २० स्वतंत्र साक्षीदार नव्हेत.

याचा हिशेब करता येतो. एका पाटीतल्या कांद्यांमधला सहसंबंध (एक सडला तर शेजारचाही सडलेला असण्याचा कल) समजा फक्त ०.१ आहे. मग विचरण, म्हणजे स्टँडर्ड एररचा वर्ग, १ + (२० − १) × ०.१, म्हणजे २.९ पट होतं. स्टँडर्ड एरर १.७ पट. तुमचे २०० कांदे प्रत्यक्षात ६९ कांद्यांइतकीच माहिती देतात. झेड २.०४ वरून १.२० वर येतो आणि इंटरव्हल उणे ५ ते अधिक २१ असा पसरतो. लक्षणीय फरक गेला, आणि सूत्रातली एक खूणही चुकलेली नव्हती.

उपाय: जागा जास्त, प्रत्येक जागेचे कांदे कमी. दहा ठिकाणचे वीस-वीस घेण्यापेक्षा चाळीस ठिकाणचे पाच-पाच घ्या, कष्ट थोडे वाढतील पण आकडा बोलेल. वर-खाली, कडेला-मध्ये, सगळीकडून घ्या. मोजणी आधीच झाली असेल तर पाटीनिहाय टक्केवारी काढा आणि पाटी हेच एकक धरून तुलना करा.

याच्याही मागे एक प्रश्न उभा असतो. जुन्या पद्धतीची एकच चाळ आणि नव्या पद्धतीची एकच, असं असेल तर फरक पद्धतीचा आहे हे कशावरून? एकीतला माल पावसात भिजलेला असेल, दुसरीतला काढणीनंतर नीट सुकवलेला. वाणही वेगळं असू शकतं. 'या दोन चाळींत फरक दिसला' इतकंच म्हणता येतं. पद्धतीबद्दल बोलायचं तर दोन्ही प्रकारच्या अनेक चाळी हव्यात, आणि एकाच शेतातला माल दोन्हींत वाटून टाकता आला तर फारच उत्तम.

तीच घरं, पण टेस्ट दोन वेगळ्या गटांची

आता शहरात येऊ. घंटागाडीत ओला-सुका कचरा वेगळा देणाऱ्या घरांचा सर्व्हे. समजा जनजागृतीआधी १५० पैकी ९० घरं वेगळा देत होती, नंतर त्याच १५० पैकी १०५. दोन प्रमाणांची साधी टेस्ट लावली तर झेड १.८२, पी ०.०६९. 'परिणाम नाही' असा शेरा तयार.

पण घरं तीच आहेत. इथे १९४७ ची मॅकनेमार टेस्ट लागते आणि ती फक्त बदललेली घरं बघते. समजा २५ घरं 'नाही'वरून 'हो'वर आली आणि १० घरं उलटी गेली. २५ उणे १०, त्याचा वर्ग २२५, भागिले ३५: उत्तर ६.४३, पी ०.०११. तोच डेटा, निष्कर्ष उलटा. म्हणून सर्व्हेच्या वहीत घरानुसार जोडी लिहून ठेवा. आधीची बेरीज एका पानावर, नंतरची दुसऱ्यावर, एवढंच ठेवलं तर ही टेस्ट करताच येत नाही.

चार-दोन मोजके आकडे

डॉगरिज या द्राक्षाच्या खुंटजातीच्या ३० खुंटांवर एक प्रक्रिया, दुसऱ्या ३० वर दुसरी. समजा एकीकडे चार खुंट मेले, दुसरीकडे एकही नाही. झेड २.०७, पी ०.०३८, आनंद. फिशरची एक्झॅक्ट टेस्ट (अंदाजी सूत्राऐवजी नेमकी शक्यता मोजणारी) लावा: दोन्ही बाजूंची पी-व्हॅल्यू ०.११. प्रत्येक गटात 'हो' आणि 'नाही' दोन्ही निदान दहा असावेत हा ढोबळ नियम याचसाठी. इंटरव्हलला सोपा उतारा अ‍ॅग्रेस्टी आणि कॅफो यांनी २००० साली दिला: दोन्ही गटांत एक यश आणि एक अपयश जास्तीचं धरा. मग ५/३२ आणि १/३२, फरक १२.५, इंटरव्हल उणे १.५ ते २६.५. शून्य आत आहे.

उत्तर आल्यानंतरच्या गफलती

पी ०.०५ पेक्षा जास्त आली म्हणजे दोन्ही सारखे, असं लिहू नका. इंटरव्हल उणे ५ ते २१ असेल तर 'सारखे' म्हणायला आधार नाही. डेटा अपुरा आहे, एवढंच.

आकडे बघून मग एकतर्फी टेस्ट (फरक एकाच दिशेने आहे का, एवढंच बघणारी) निवडणं ही सरळ लबाडी आहे. पी निम्मी होते, म्हणून मोह होतो.

फरक सांगताना एकच भाषा वापरू नका. १९५४ च्या अमेरिकेतल्या पोलिओ लसीच्या चाचणीत सुमारे दोन-दोन लाख मुलांचे गट होते. लस न मिळालेल्यांत लाखामागे ७१ रुग्ण, मिळालेल्यांत २८. वजाबाकीने लाखात ४३, तुलनेने ६० टक्के घट. आपल्या चाळीचंही तसंच: शंभरामागे ८ कांदे कमी, किंवा सड सुमारे ३५ टक्क्यांनी कमी. जाहिरातीत दुसरा आकडा असतो, रिपोर्टमध्ये दोन्ही द्या.

आणि झेड वीस-पंचवीस आला, किंवा वर्गमुळाखाली ऋण संख्या म्हणून एक्सेलने एरर दिला, तर आधी एवढंच तपासा: ०.२३ च्या जागी २३ टाइप झालंय का. खराब कांद्यांच्या रकान्यात ४६ ऐवजी टक्केवारीचे २३ भरलेले असले तर एरर येणार नाही, उत्तर मात्र गुपचूप चुकेल. तिथे मूळ वहीशीच ताडून पाहावं लागतं.