थाई रेस्टॉरंटमध्ये जेवताना कर्मचाऱ्यांची स्वच्छता कशी पारखाल

थाई जेवणात खरा धोका वोकमध्ये (परतायच्या खोलगट कढईत) कमी आणि वोकमधून पदार्थ उतरल्यानंतर जास्त असतो. पाड थाईच्या नूडल्स मोठ्या आचेवर परतल्या जातात, पण प्लेटमध्ये आल्यावर त्यांवर कच्चे मोड, शेंगदाण्याचं कूट आणि लिंबाची फोड हातानेच ठेवली जाते. सोम तम या कुटलेल्या सॅलडमधली कच्ची पपई तर आचेवर जातच नाही. त्यामुळे नजर ठेवायची ती शिजल्यानंतर पदार्थाला लागणाऱ्या हातांवर.

शक्य असेल तर उघडं किचन किंवा सोम तम कुटायचा खलबत्ता दिसेल असं टेबल घ्या आणि ऑर्डर देण्याआधी पाच मिनिटं नुसतं पाहा. हातमोजे दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. मोजे घातलेल्या माणसाला हात चिकट झालेला जाणवत नाही, म्हणून तो धुवायचाही राहतो. मोबाईल, पैसे, सातेसाठीचं (काडीला टोचून भाजायचं) कच्चं चिकन आणि मग कोथिंबीर, हे सगळं त्याच मोज्यांनी होत असेल तर उघडे, धुतलेले हात कितीतरी बरे. हात धुणं म्हणजे साबण लावून किमान 20 सेकंद चोळणं आणि कोरड्या कागदाने पुसणं. कमरेच्या फडक्याला पुसलेला हात पुन्हा मळतो. नुसत्या सॅनिटायझरवर भागत नाही, कारण उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही.

ग्राहकांचं वॉशरूमही आधी पाहून या. लहान ठिकाणी कर्मचारी बहुधा तेच वापरतात. तिथे साबण नसेल तर आम्ही तिथे जेवणार नाही.

वाढणाऱ्याचा अंगठा तोम यम या आंबट-तिखट सुपाच्या वाडग्यात बुडालेला नसावा, ग्लास काठाला धरून आणलेला नसावा. टेबलावरच्या मिरचीपूड, साखर, फिश सॉसच्या डब्यांना झाकण आणि प्रत्येकाला वेगळा चमचा हवा.

सर्दीने वाहणारं नाक आणि बोटावरची उघडी जखम या दोन गोष्टींकडे मुळीच दुर्लक्ष करू नका. नाकात आणि जखमेत असणारा स्टॅफिलोकोकस हा जंतू अन्नात वाढला की विष तयार करतो, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणून ‘गरम करून आणतो’ हे उत्तर इथे पुरेसं नाही. उलट्या-जुलाब झालेल्या कर्मचाऱ्यानेही लक्षणं थांबल्यावर किमान 48 तास अन्नाला हात लावू नये.

शंका असेल पण उठून जाणं जमत नसेल, तर तोम यम किंवा ग्रीन करी वाफाळती मागवा आणि मोड, कच्ची पानं वरून घालू नका असं सांगा. सोम तम, तांदळाच्या पापडीतले ताजे रोल, फिश सॉसमधली कच्ची कोळंबी टाळा. मिरची आणि लिंबाच्या रसाने जंतू मरतात या समजुतीवर विसंबू नका. चिकट भात हाताने खाल्ला जातो, तेव्हा आपले हातही धुतलेले हवेत.

तक्रार वेटरवर आवाज चढवून करू नका. मॅनेजरला बाजूला बोलवून जे दिसलं तेवढंच सांगा: ‘पैसे घेतलेल्या मोज्यांनीच मोड घातले, कृपया नवी प्लेट करून द्या.’ वरचे मोड काढून तीच प्लेट परत आली तर घेऊ नका.

नंतर त्रास झाला तर जेवणाची आणि लक्षणं सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. स्टॅफिलोकोकसचा त्रास अर्ध्या तासापासून 8 तासांत सुरू होतो, नोरोव्हायरसचा साधारण 12 ते 48 तासांत. त्यामुळे दोष शेवटच्याच जेवणाचा असेल असं नाही. ओआरएस घोटघोट घ्या. जुलाबात रक्त, जोराचा ताप किंवा लघवी कमी होणं दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि शौचाच्या तपासणीबद्दल विचारा. बिल जपून ठेवा, अन्न सुरक्षा विभागाकडे तक्रार करताना ते उपयोगी पडेल.