गॅरेज लावायचंय? आधी भिंतीवर रेघ मारा

आमच्या गॅरेजमध्ये गाडी नाही. बंगला बांधला तेव्हा मारुती ८०० डोळ्यांसमोर ठेवून नऊ बाय सोळा फुटांचं गॅरेज काढलं. ती गाडी केव्हाच विकली. आताची आत गेली तर तिचं दार उघडत नाही, म्हणून ती बाहेर फाटकाशी उभी असते. आत ॲक्टिव्हा, मुलाची शाळेतली सायकल आणि घरात ज्याला जागा नाही ते सगळं. बहुतेकांच्या गॅरेजची हीच कथा असणार, त्यामुळे लाजायचं कारण नाही.

फरक एवढाच की आमचं घर सांगलीत, गावभागाच्या खालच्या अंगाला आहे. घराचं जोतं रस्त्यापासून तीन फूट वर, पण गाडी चढावी म्हणून गॅरेज रस्त्याच्या पातळीला. म्हणजे कृष्णामाई घरात यायच्या आधी गॅरेजमध्ये येते. २००५ ला घोट्याएवढी आली होती. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे) आणि आमच्या गॅरेजमध्ये चार फूट दोन इंच पाणी उभं राहिलं. दोन इंच एवढ्या खात्रीनं सांगते, कारण गाळाची रेघ भिंतीवर राहिली होती आणि ती मी टेपनं मोजली.

पाणी उतरल्यावर शटर वर जाईना. आत प्लायवूडचं एक जुनं कपाट होतं. ते तरंगलं, आडवं झालं आणि शटरला आतून अडकून बसलं. शेवटी मागच्या खिडकीचे गज कापून शेजारच्या पोराला आत सोडलं. तो आतूनच ओरडला, "काकू, इथं कायच ओळखायला येत नाही!" त्यानंतर मी गॅरेज ज्या पद्धतीनं लावलं, ती सांगते. तुमच्याकडे पूर येत नसला तरी ओल, वाळवी आणि उंदीर येतातच, आणि तिघंही खालूनच येतात.

दिवस निवडा. अक्षय तृतीयेनंतर आणि मृग लागायच्या आधी. ऊन कडक असतं, काढलेलं सामान अंगणात दिवसभर पडलं तरी चालतं. दिवाळीच्या सफाईत हे काम घेऊ नका. तेव्हा फराळ असतो, पाहुणे असतात, आणि निम्मं सामान "नंतर बघू" म्हणून जसंच्या तसं आत जातं.

सगळं बाहेर काढा. अर्धं नाही, सगळं. मग झाडून, भिंतींचे कोपरे बॅटरी लावून बघा. मातीच्या बारीक नळ्यांसारखी रेघ भिंतीवर चढलेली दिसली तर ती वाळवी. नुसती रेघ खरवडून भागत नाही, औषधवाल्याला बोलवायचं आणि त्याचं काम झाल्याशिवाय एक खोकं आत न्यायचं नाही. शटरखालच्या फटीतून करंगळी जात असेल तर उंदराचं पिल्लू जातं. तिथं रबराची पट्टी बसवून घ्या.

काढलेल्या सामानाची वाटणी करताना माझा नियम सोपा आहे: ही वस्तू शेवटची कधी वापरली, ते तिच्या मालकानं सांगायचं. आमच्याकडे ह्यांची चेतकची स्टेपनी होती. चेतक जाऊन पंधरा वर्षं झाली, स्टेपनी मात्र "लागेल कधीतरी" म्हणून बसून. मी वाद घातला नाही. अंगणात मधोमध ठेवली आणि संध्याकाळपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला "ही कशाला?" असं ह्यांनाच विचारू दिलं. सहाच्या आत भंगारवाल्याला फोन गेला. भंगारवाला आला की लोखंड, ॲल्युमिनियम आणि तांबं-पितळ वेगवेगळं तोलायला सांगा. एकत्र ढीग दिला की सगळ्याला लोखंडाचाच भाव लागतो.

आता मुख्य गोष्ट. भिंतीवर रेघ मारा. आमच्याकडे दोन आहेत, दोन्ही तांबड्या ऑइल पेंटच्या: २०१९ ची चार फूट दोन इंचांवर आणि २०२१ ची गुडघ्याच्या खाली. ज्यांच्याकडे पूर नाही त्यांनी एक फुटावर मारावी. शटरखालून येणारं पावसाचं पाणी, टाकी ओसंडली तर ते, फरशी धुताना उडणारं, हे सगळं त्या फुटाच्या आत असतं. यापुढे कुठलीही वस्तू हातात घेतली की एकच प्रश्न: ही भिजली तर चालेल का? चालत असेल तर रेघेखाली, नसेल तर वर. कुणाची, कशाची, कधी लागते, हे सगळे प्रश्न नंतरचे.

हे करताना मला एक गंमत कळली. जे जड असतं त्याला बहुधा पाण्याचं काही होत नाही. तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा, लोखंडी कढया, कुदळ, फावडं, घमेली, उरलेल्या फरश्या. आणि जे पाण्यानं वाया जातं ते बहुधा हलकं: वाकळा, गाद्या, गणपतीचं मखर, आकाशकंदील, दिव्यांच्या माळा. म्हणजे जड खाली आणि हलकं वर हा साधा नियम आणि पुराचा नियम बरोबर जुळतात.

अपवाद दोनच, आणि ते महागाचे आहेत. पाण्याची जादाची मोटर आणि घरघंटी. दोन्ही जड, दोन्ही भिजली की रिवाइंडिंगचा खर्च. आमची घरघंटी चाकांवर होती म्हणून मला वाटलं होतं, वेळ आली की ढकलत नेऊ. पण गॅरेजमधून घरात यायला चार पायऱ्या आहेत, आणि चाकं पायरी चढत नाहीत. आता ती मागच्या पडवीत असते. मोटर मात्र रॅकच्या मधल्या खणात, पोत्यात बांधून, पोत्याला दोन कान ठेवून, म्हणजे दोघांना धरून उचलता येते.

रॅकविषयी. लाकूड आणि प्लायवूड गॅरेजमध्ये आणूच नका. ओल लागली की प्लाय फुगतं, आणि तरंगतं हे तर सांगितलंच. भोकाभोकांच्या लोखंडी अँगलचे रॅक मिळतात, तेच घ्या. पत्र्याच्या फळ्या, नट-बोल्ट आणि कोपऱ्यातल्या तिकोनी पट्ट्या. त्या पट्ट्या आठही कोपऱ्यांना लावून घ्या, नाहीतर रॅक झुलतो. खोली पंधरा इंच पुरे. दुकानदार अठरा इंच घ्या म्हणतो, पण अठरा इंचात एकामागे दुसरा डबा बसतो आणि मागचा डबा म्हणजे हरवलेला डबा. रॅक भिंतीला फास्टनर मारून वरच्या बाजूला दोन ठिकाणी आवळायचाच. वरच्या खणातलं काही ओढताना अख्खा रॅक अंगावर आलेला मी माहेरी पाहिला आहे. पायांखाली कडप्प्याचे तुकडे घाला, म्हणजे फरशी धुताना अँगलचे पाय गंजत नाहीत. बजेट असेल तर एका भिंतीला थेट कडप्प्याच्याच फळ्या करून घ्या, स्वयंपाकघरातल्यासारख्या. त्यांना वाळवी नाही, गंज नाही, पुसलं की स्वच्छ.

रॅक बसवायच्या आधी फरशीवर खडूनं सगळं आखून बघा. ॲक्टिव्हाची जागा आखताना हँडल पूर्ण वळवून आखा, नुसती सरळ उभी करून नाही. मी पहिल्यांदा सरळ आखली आणि मग रोज गाडी काढताना आरसा रॅकला घासायला लागला.

खोकी. इथं मी चूक केली ती तुम्ही करू नका. आमच्या जिल्ह्यात बेदाण्याची पंधरा किलोची पुठ्ठ्याची खोकी हवी तेवढी मिळतात. मजबूत, एका मापाची, रचायला छान. मी सोळा खोकी आणून सगळं त्यांत भरलं. आठ दिवसांत मुंग्यांची रांग लागली. पुठ्ठ्याला बेदाण्याचा गोडवा लागलेला असतो, तो नाकाला कळत नाही पण मुंग्यांना कळतो. मुंग्या गेल्या तर पावसाळ्यात पुठ्ठा ओला झाला, मग कसर लागली. आता प्लॅस्टिकचे झाकणाचे क्रेट आहेत, पारदर्शक, सगळे एकाच कंपनीचे आणि दोनच मापांचे. मापं वेगवेगळी झाली की एकावर एक बसत नाहीत. वाकळा-चादरी मात्र पत्र्याच्या ट्रंकेत, दोन दिवस कडक ऊन दाखवून, मधे कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून. डांबरगोळ्यांचा वास मला सोसत नाही.

क्रेटवर नाव लिहू नका, नंबर लिहा. कागद चिकटवला तर कसर खाते, मार्करनं लिहिलं तर हात लागून पुसतं. ऑइल पेंटनं, झाकणावर नाही, समोरच्या बाजूला मोठा आकडा. झाकणं आपापसांत बदलतात. आणि कुठल्या नंबरात काय आहे त्याची वही स्वयंपाकघरात. "७: दिवाळीच्या माळा, किल्ल्याचे मावळे, पणत्या." सूनबाईनं तिचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकून ठेवलाय, त्यामुळे आता पुण्याहून मुलगा मलाच सांगतो की पंप कितव्या क्रेटशेजारी आहे.

लांबड्या वस्तूंचं दुखणं वेगळं. शिडी, गुढीची काठी, जळमटं काढायची काठी, पडद्यांच्या नळ्या. कोपऱ्यात उभ्या केल्या की घसरतात, आणि घसरल्या की ॲक्टिव्हावरच. छताखाली भिंतीला दोन ब्रॅकेट मारा, सहा फुटांच्या अंतरानं, आणि सगळं आडवं टाका. गुढीची काठी वर्षातून एकदाच लागते, ती सगळ्यात मागे. सायकलीला तेलपाणी करून हुकला लटकवलीय. नातू मोठा होतोय, पुढच्या वर्षी उतरेल.

रेघेखाली ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पिंपांना विसरू नका. रिकामं, झाकण लावलेलं पिंप पाण्यात बुडत नाही, ते गॅरेजभर धडका देत फिरतं. झाकण काढून ठेवा नाहीतर नायलॉनच्या दोरीनं रॅकच्या पायाला बांधा.

काही गोष्टी गॅरेजमध्ये येऊच द्यायच्या नाहीत. जादाचा गॅस सिलेंडर नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बंद गॅरेजमध्ये जमिनीलगत साचून राहतो आणि तिथंच गाडी चालू करायची असते. बाटलीतलं पेट्रोल नाही. थिनर, टर्पेंटाईन रंगकाम झालं की रंगाऱ्यालाच देऊन टाका. इन्व्हर्टर तिथं असेल तर हे दुपटीनं लागू, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. आणि कागद नाही. आमच्या लग्नाचा अल्बम "घरात जागा नाही" म्हणून गॅरेजमध्ये होता. फोटो एकमेकांना चिकटून वीट झाली. एकच सुटला, त्यात आम्ही दोघंही नाही, जेवणाची पंगत आहे.

शेवटचा कागद, तोही लॅमिनेट केलेला, शटरच्या आतल्या बाजूला अडकवलाय. कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की मी तो वाचते. आयर्विनला ३५ फूट: ॲक्टिव्हा बहिणीकडे विश्रामबागला. ४० फूट: क्रेट १ ते ६ आणि मोटर वरच्या मजल्यावर. त्यानंतर वरच्या खणातल्या गाद्या. ह्यांनी आणि मी घड्याळ लावून करून बघितलंय, मोटरीसकट पन्नास मिनिटं लागली. त्यातली दहा ह्यांनी मखर सोन्याचं असल्यासारखं धरून जिना चढण्यात घालवली.